मुलगी म्हणते क्वार्टेटच वाजवणार, ऑर्केस्ट्रा नको. यात पोट भरतं का हो?

फोंडेकार_बाबा

नमस्कार मंडळी. इथे आपल्या गाण्यावर बोलणारे जास्त, हे माहीत आहे, पण दुसरं कुठे विचारायचं ते सुचेना म्हणून इथेच टाकतो.

आम्ही फोंड्याकडचे. घरात संगीत म्हणजे आरत्या, भजन, नाट्यगीतं, जत्रेतलं नाटक. वडील देवळात पेटी धरायचे. मुलगी चौथीत असताना शेजारच्या मैत्रिणीबरोबर व्हायोलिन शिकायला जायला लागली, आम्ही म्हटलं जाऊदे, टीव्हीपुढे बसण्यापेक्षा बरं. पुढे ती चेलोवर (खुर्चीत बसून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन) गेली आणि तिथेच रमली. आता एकोणीस पूर्ण, लंडनच्या बोर्डाची आठवी ग्रेड डिस्टिंक्शनने झाली, डिप्लोमाची तयारी चालू आहे. सकाळी पणजीला कॉलेज आणि संध्याकाळी जेवायला हाक मारेपर्यंत चेलो. गाडीच्या मागच्या सीटवर पाहुणा बसवायची सोय राहिलेली नाही.

इथवर ठीक होतं. गेल्या हिवाळ्यात बाहेरून एक सर वर्कशॉप घ्यायला आले, त्यांनी हिला तिघांबरोबर बसवून क्वार्टेट वाजवून घेतलं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या आवाजाचं) आणि ही. तेव्हापासून जे डोक्यात शिरलंय ते निघत नाही. सोलो नको, ऑर्केस्ट्रातली नोकरी पण नको, क्वार्टेटच वाजवणार, मास्टर्स युरोपात करणार. मी सहकारी बँकेत आहे, कर्जाच्या फायली बघण्यात जन्म गेला त्यामुळे मला पहिला प्रश्न सुचतो तो परतफेडीचा. ती मला जगातल्या नावाजलेल्या क्वार्टेटचे व्हिडिओ दाखवते. वाजवतात सुंदर, वादच नाही. पण कॅमेरा मागे गेला की हॉल दिसतो, पाचशे-सहाशे खुर्च्या, त्यात निम्मी डोकी पांढरी. आमच्या जत्रेतल्या नाटकाला याहून जास्त माणूस जमतो.

तर जे लोक यात नाव कमावून बसलेत त्यांची घरं चालतात कशावर? तिकिटांवर? रेकॉर्डवर? आणि त्या पायरीपर्यंत जे पोचत नाहीत ते काय करतात? बायको म्हणते बीएड करून ठेव. मुलगी आमच्याशी बोलायची बंद झालीय. जाणकारांनी खरं काय ते सांगावं, मला बरं वाटावं म्हणून गोड बोलू नये.

---

व्हायोलावाली

बाबा, नमस्कार. मी मडगावची, व्हायोला वाजवते, गेली बरीच वर्षं जर्मनीत. तुमचा खुर्च्यांचा हिशोब बरोबर आहे, तिथूनच सुरू करते.

लंडनचा विगमोर हॉल हा क्वार्टेटवाल्यांसाठी सगळ्यात मानाच्या जागांपैकी एक, १९०१ मध्ये उघडलेला, आणि त्यात जागा साडेपाचशेच्या आसपास. हे संगीत लिहिलंच आहे खोलीत वाजवायला, मोठ्या हॉलात नेलं की पातळ होतं. त्यामुळे खुर्च्या वाढवून उत्पन्न वाढवायचा रस्ता मुळातच बंद. मानधन मिळतं त्यातून एजंटचा हिस्सा जातो, प्रवास जातो, हॉटेल जातं, आणि विमानात चेलोसाठी वेगळी सीट घ्यावी लागते. हो, चक्क बेल्ट लावून बसतो तो खिडकीपाशी, त्याला जेवण मात्र देत नाहीत. चार माणसांच्या ग्रुपची तिकिटं पाच. यातून जे उरतं त्याचे बहुतेक ग्रुपमध्ये चार सारखे वाटे पडतात, कोमुनिदादीची जोण, म्हणजे गावकीच्या उत्पन्नातला वाटा, वाटल्यासारखे, आणि जोणीवर कुणाचं घर चाललंय ते तुम्हाला गोंयकारांना मी काय सांगू.

मग मोठे लोक जगले कशावर? तर नोकरीवर. बुडापेस्ट क्वार्टेट घ्या. १९४० ते १९६२ ही मंडळी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची ठरलेली वादक होती, तिथे एका बाईंनी दान दिलेल्या स्ट्रॅडिव्हेरियस वाद्यांवर वाजवायची. त्यांच्यानंतर तिथे ज्युलियार्ड क्वार्टेट आलं, आणि ते तर १९४६ पासून न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत शाळेचंच. ताकाच हे मूळचं हंगेरीतलं, १९७५ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, ते जाऊन स्थिरावलं कुठे तर अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात. ग्वार्नेरीवाले मेरीलँड विद्यापीठात आणि फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेत शिकवायचे, अमाडेउसवाले कोलोनला, एमर्सनवाले स्टोनी ब्रूकला. आणि मेनाहेम प्रेसलर, ब्यू आर्ट्स ट्रिओचे पियानोवादक. ट्रिओचा पहिला कार्यक्रम १९५५ चा आणि इंडियाना विद्यापीठातली नोकरी पण १९५५ पासूनच. ट्रिओ २००८ मध्ये थांबला, तोवर व्हायोलिन आणि चेलोच्या खुर्चीवरची माणसं बदलत गेली, हे एकटे पहिल्यापासून शेवटपर्यंत. बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा वाजवलं ते २०१४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी! २०२३ मध्ये गेले, तोवर शिकवणं चालूच होतं म्हणा ना.

म्हणजे तुम्ही व्हिडिओत बघता ती संध्याकाळ, महिन्याचा पगार दुसरीकडून येत असतो. विद्यापीठांना तरी काय, पगारात एक नावाजलेलं क्वार्टेट आपल्या नावावर मिळतं, त्यांच्याकडे शिकायला म्हणून जगभरातून पोरं येतात. सौदा दोघांना परवडतो. फक्त अशा जागा फार थोड्या, आणि एकदा कुणी बसला की वीस-तीस वर्षं उठत नाही.

आता न पोचलेल्यांचं विचारलंत, ती मी. आठवड्यातले काही दिवस एका गावच्या म्युझिक शाळेत लहान पोरांना व्हायोलिन शिकवते (व्हायोला शिकायला कोण येतंय), ऑर्केस्ट्रात कुणी आजारी पडलं, बाळंतपणाला गेलं की बदली म्हणून वाजवते, चर्चमध्ये ईस्टर-ख्रिसमसला बाखचे पॅशन आणि ओरेटोरिओ असतात त्यात बरी कमाई होते, आणि यातून वेळ काढून आमचं क्वार्टेट. भाडं भागतं, कर्ज नाही. श्रीमंती विसरा.

---

पर्वरी_सीए

मी गाण्यातला नाही, आकड्यांपुरतं बोलतो, कारण माझ्या दोन क्लायंटच्या मुलांचं प्रकरण याच वाटेने गेलंय.

जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठात ट्यूशन फी जवळपास नसते, सेमिस्टरला किरकोळ चार्ज असतो. काही अपवाद आहेत, त्यातला मोठा म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य, म्हणजे श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, मानहाइम वगैरे, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १५०० युरो. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो, ते पैसे महिन्याला थोडे थोडे सुटतात. लंडनला जायचं तर फी ऐकूनच घाम फुटतो. अमेरिकेत कर्टिसला फी नाही, १९२८ पासून सगळ्यांना मोफत, पण तिथे प्रवेश म्हणजे आयआयटी सोपी वाटावी. थोडक्यात, कर्ज काढून करायची ही गोष्ट नाही, बाबांना मी काय सांगणार, ते स्वतःच बँकेत आहेत.

एक गंमत. क्रोनोस क्वार्टेट माहीत असेल, ज्यांनी २००५ मध्ये आशाताईंना घेऊन पंचमदांच्या गाण्यांचा अल्बम केला. त्यांनी विद्यापीठाची खुर्ची न धरता ना-नफा संस्था काढली, देणग्या-अनुदान घेऊन चालवतात, १९७३ पासून टिकलेत आणि हजारावर नवीन रचना लिहून घेतल्यात. म्हणजे दुसरा रस्ता आहे. पण त्यासाठी चौघांपैकी एकाला तरी बॅलन्सशीट वाचता यायला हवी. फोंडेकार, तुमच्या मुलीला घरातच शिकवणी आहे की.

---

पेटीवाला_म्हार्दोळ

वाचून हसू आलं, कारण यात नवीन काय? आमच्या बैठकी म्हणजे दुसरं काय होतं? एक दिवाणखाना, तीस-चाळीस माणसं, गायक, तबला, पेटी, दोन तानपुरे. आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाईंनी नाव कमावलं ते मैफलींवर, रेकॉर्डवर नव्हे, रेकॉर्ड तर बाई मोजक्याच देऊन गेल्या. आणि बिदागीच्या बाबतीत एकदम खमक्या. आता योगायोग बघा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी पाठवली तिच्यात आपल्या केसरबाईंची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर अगदी शेवटी बीटोव्हनच्या ओपस १३० या क्वार्टेटमधली काव्हातीना (त्यातला एक संथ भाग) आहे, ती कुणी वाजवलेली तर वर ताईंनी सांगितलेल्या त्याच बुडापेस्ट क्वार्टेटने. म्हणजे फोंडा तालुका आणि क्वार्टेट एकाच गाडीने केव्हाच निघालेत, फोंडेकार बाब, तुम्ही उगाच घाबरताय.

पण गंभीरपणे बोलायचं तर एक फरक आहे. त्यांच्यात म्हणे चार सारखे वाटे. आमच्यात? पाकीट गायकाचं. साथीदाराला काय द्यायचं ते गायक ठरवणार किंवा आयोजक, आणि पुष्कळदा कार्यक्रम संपून सतरंज्या गुंडाळून झाल्यावर. पोस्टरवर नाव असतं ते सगळ्यात खाली बारीक अक्षरात, कधी कधी तेही चुकीचं. बोरीचे तुळशीदास बोरकर यांच्यासारखा माणूस, छोटा गंधर्वांपासून किती मोठमोठ्यांना साथ केलेली, पद्मश्री मिळाली २०१६ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर. २०१८ मध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर शिष्य घडवले म्हणून आज पेटीवर सोलो ऐकायला लोक बसतात.

आमच्या पिढीत साथीदाराचं घर चाललं ते एकतर आकाशवाणीच्या स्टाफ आर्टिस्टच्या नोकरीवर, नाहीतर शाळेत संगीत शिक्षक, नाहीतर घरोघरी शिकवण्या. मी तिसऱ्यातला. त्यामुळे चेलोवालीने क्वार्टेट निवडलं यात मला तरी शहाणपण दिसतं, निदान बरोबरीने बसेल, कुणाच्या मागे नाही.

बीएडबद्दल मात्र तुमच्या मिसेसचं ऐका, हे मी पोटतिडकीने सांगतो.

---

सासष्टीचो_फिडल

नमस्कार. वय पंच्याहत्तरच्या पुढे, मुंबईत फिल्म लाइनला व्हायोलिन वाजवून निवृत्त, आता गावाला. मराठी दादरमध्ये शिकलो, चूकभूल असेल.

आमच्या वेळी करिअर वगैरे शब्द नव्हता. चर्चच्या शाळेत मेस्त्री, म्हणजे संगीताचा मास्तर, सोल्फेज शिकवायचा, आधी स्वर वाचायचे मग फिडल हातात, चुकला की गजाचा फटका. त्या वाचनावर आम्ही मुंबई गाठली. स्टुडिओत अरेंजर नोटेशन ठेवणार, दोन वेळा बघून तिसऱ्याला टेक, असं वाचणारे लोक पाहिजेत म्हणून गोंयकार. शिफ्टचे पैसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तेव्हा सगळ्यांचे सर, प्यारेलाल त्यांच्याकडे शिकलेला हे तर सगळ्यांना माहीत, त्यांनी १९५८ मध्ये आपले राग घेऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि पुढे १९६५ च्या सुमाराला गेले अमेरिकेत. लाइन सोडून!

पण क्वार्टेट आम्ही वाजवायचो. रविवारी, चर्चमधली मास झाल्यावर, धोबीतलावच्या कुडात (गोंयकारांची राहायची जागा) नाहीतर कुणाच्या तरी घरी. हायडन, मोझार्ट. पार्ट हाताने उतरवलेले, एकाच्या पार्टात दोन बार गायब असायचे, मग त्या जागी आलो की सगळे हसायचे. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी ऐकायला पण नसायचं, कधी बायका किचनमधून. आठवडाभर तीन मिनिटांची गाणी वाजवून कान आंबायचा, तो रविवारी साफ व्हायचा. तेव्हा पोरीला त्यात काय दिसलं ते मला कळतं, तिला सांगा.

आणि धंदा म्हणून बघायचं तर मेहली मेहताचं बघा, झुबिनचा बाप. मुंबईत १९३५ मध्ये सिंफनी उभी केली, स्वतःचं क्वार्टेट काढलं, बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. एवढा मोठा माणूस, पण त्यावर मुंबईत भागत नव्हतं. मग मँचेस्टरला हाले ऑर्केस्ट्रात जाऊन बसला, नंतर फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये, सेकंड व्हायोलिन. लक्षात घ्या, स्वतःच्या गावात पहिला होता तो पन्नाशीत दुसऱ्या खुर्चीवर बसला, आनंदाने. त्यानंतर लॉस एंजेलिसला पोरांचा ऑर्केस्ट्रा. क्वार्टेटवाल्याला हे जमलं पाहिजे, ज्याला कायम पहिलं बसायचंय त्याने सोलो वाजवावं.

फिल्म लाइनची खात्री आता देऊ नका कुणी. सिंथेसायझर आला आणि तीस-चाळीस व्हायोलिनचा सेक्शन गेला. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा ऑर्केस्ट्रा आहे २००६ पासूनचा, पगारी, पण बाहेरचे वादक पुष्कळ. गोव्यात काय, लग्नं, हॉटेलातली संध्याकाळ, फेस्ताची मास, आणि ट्यूशन. हिवाळ्यात जुन्या गोव्यातल्या मोन्तच्या कपेलात वगैरे चांगले कार्यक्रम होतात, पण हिवाळा तीन महिने.

अजून एक. चेलो पावसात कुठे ठेवता? आमच्या हवेत शिवण (लाकडाचा सांधा) उघडते, सरस सुटतो, खुंट्या फुगून घट्ट बसतात. कपाटात बंद ठेवू नका, बुरशी धरते, आणि एसी मध्येच चालू मध्येच बंद असं तर अजिबात नको. शिवण सुटली तर फेव्हिकॉल लावणाऱ्याच्या हातात देऊ नका!! सरसच लावायचा, परत खोलता आला पाहिजे.

---

फोंडेकार_बाबा

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. फिडल अंकल, फेव्हिकॉलचं वाचून बायको माझ्याकडे बघायला लागली, त्याबद्दल नंतर बोलू.

व्हायोलावाली ताई, मला आता तुमच्या ‘अशा जागा फार थोड्या’ या वाक्यापाशी अडकायला झालंय. म्हणजे उत्तम वाजवून पण नाही मिळाली तर? तिचं म्हणणं मोठी स्पर्धा जिंकली की रस्ता उघडतो, म्युनिक, बॅन्फ अशी नावं घेते. खरं आहे का? आणि तुमचं क्वार्टेट तुम्ही पैशासाठी नाही तर मग कशासाठी टिकवून आहात, हा प्रश्न उद्धट वाटला तर सोडून द्या.

---

व्हायोलावाली

उद्धट नाही, आमच्या घरीपण हाच प्रश्न विचारतात.

स्पर्धेने दार उघडतं हे खरं. एबेन क्वार्टेट २००४ मध्ये म्युनिकला पहिलं आलं आणि तिथून त्यांचं नाव झालं. पण ते पाच वर्षं आधीपासून एकत्र घासत होते, १९९९ पासून. जिंकल्यावर एक-दोन सीझन भरपूर तारखा मिळतात आणि त्याच दोन सीझनमध्ये निम्मे ग्रुप फुटतात. कारण आता वर्षातले शंभर-सव्वाशे दिवस त्याच तीन माणसांबरोबर विमानतळावर काढायचे असतात. एकाला मूल होतं, एकाला ऑर्केस्ट्राची पक्की नोकरी लागते, एकीचा नवरा दुसऱ्या शहरात. वाजवणं कमी पडलं म्हणून फुटलेला ग्रुप मी फारसा बघितलेला नाही.

म्हणून माझ्या मते जमवायची गोष्ट म्हणजे माणसं. नुसती टॅलेंट म्हणाल तर बोरोदिन क्वार्टेटचा पहिला चेलोवाला कोण होता माहितीये? रोस्त्रोपोविच. जगातला केवढा मोठा चेलोवादक, काही आठवड्यांत सोडून गेला. त्याच्या जागी आलेला बर्लिन्स्की २००७ पर्यंत त्या खुर्चीवर, साठ वर्षांच्या वर. ग्वार्नेरीचे चौघे १९६४ पासून २००१ पर्यंत तेच, मग चेलोवाले सोयर निवृत्त झाले तर त्यांचाच शिष्य आला. एमर्सनमध्ये दोन व्हायोलिनवाले पहिली-दुसरी खुर्ची आलटून पालटून घ्यायचे, भांडणच नको. सत्तेचाळीस वर्षं चालवलं, २०२३ मध्ये स्वतःहून थांबले. अमाडेउसमधले तिघे व्हिएन्नाचे ज्यू, हिटलरपासून पळून इंग्लंडला आलेले, तिथे ब्रिटिशांनीच छावणीत डांबले, तिथे ओळखी झाल्या. १९८७ मध्ये व्हायोलावाला गेला तर उरलेल्यांनी दुसरा घेतला नाही, बंदच केलं. (व्हायोलाला एवढा मान बघून मला फार बरं वाटतं.)

आणि कशासाठी टिकवलंय ते. बघा, गेल्या आठवड्यातली रिहर्सल सांगते. आम्ही नुसतं सुरात लावण्यात पाऊण तास घालवला. चेलोची सगळ्यात खालची तार षड्ज धरा, तिथून पंचमाने पंचमाने शुद्ध लावत वर गेलात तर व्हायोलिनची सगळ्यात वरची तार त्या खालच्या षड्जाचा गंधार म्हणून चढी लागते, ऐकवत नाही. पेटीवाले काका ओळखतील ही भानगड. मग प्रत्येक पंचम केसभर आवळायचा, किती ते मशीन सांगत नाही, चौघांनी मिळून ठरवायचं, आणि ते त्या दिवशीच्या रचनेवर बदलतं. आमची चेलोवाली म्हणाली माझी तार अजून वर नको, मी म्हटलं मग मी कुठे जाऊ, पहिली व्हायोलिनवाली कॉफी करायला उठून गेली. परत आली तेव्हा लागलेलं होतं आणि तिने दारातूनच ‘हां’ म्हटलं. ऑर्केस्ट्रात माझ्या सेक्शनमध्ये दहाजण असतात, तिथे मी सुरात असणं माझी जबाबदारी आहे, पण सूर कुठे असावा हे मला कुणी विचारत नाही. एवढंच कारण आहे.

आता कामाचं. एक, मास्टर्ससाठी शहराचं नाव बघून जाऊ नका, शिक्षक बघून जा, आणि असा शिक्षक ज्याने स्वतः क्वार्टेटमध्ये वर्षं काढलीत. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी चेंबर म्युझिकचं वेगळं मास्टर्स असतं पण त्याला बहुतेक ठिकाणी तयार ग्रुपच अर्ज करतो, एकट्याला नाही घेत, त्यामुळे आधी चेलोचं मास्टर्स आणि तिथे माणसं शोधायची. दोन, तिला आवडो न आवडो, ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनची तयारी करायला लावा. हायडनचा डी मेजर कॉन्चेर्तो, बीटोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग, ब्राम्सच्या दुसरीचा दुसरा भाग, हे हातात पक्कं पाहिजे. इकडे सरकारी पैशावर चालणारे शंभरावर ऑर्केस्ट्रा आहेत, पहिली फेरी पडद्यामागे असते, नाव-रंग-गाव कुणाला दिसत नाही. अर्धवेळ जागा पण निघतात, आणि अर्धी नोकरी अधिक क्वार्टेट हे माझ्या ओळखीतलं सगळ्यात सुखी गणित आहे. तीन, वयाचं स्पष्ट सांगते. एकोणिसाव्या वर्षी गोव्यातून येणारी मुलगी इकडच्यांच्या काही वर्षं मागे असते, कारण ती पोरं आठव्या वर्षापासून दर शनिवारी क्वार्टेट वाजवत आलेली असतात. भरून निघतं, मी भरून काढलं, पण पहिलं वर्ष रडवतं. तेव्हा फोनवर ‘परत ये’ म्हणू नका.

बीएडला माझा विरोध नाही, पण इकडे शिकवायचंच असेल तर वाद्य-अध्यापनाची इकडची डिग्री जास्त चालते.

---

पेटीवाला_म्हार्दोळ

ताई, ओळखली भानगड. पेटीत ती कायमचीच खिळलेली आहे, म्हणून तर गवई आम्हाला शिव्या घालतात. बाकी फोंडेकार बाब, पाऊण तास सुरात लावणारी माणसं एकत्र मिळाली तर पोरीला अडवू नका.

---

पर्वरी_सीए

पाऊण तासाचं बिल कुणाच्या नावे?

---

चेलो_फोंडा

बाबा, हे सगळं पब्लिक आहे, माझ्या क्लासमधल्या तिघांनी स्क्रीनशॉट पाठवलेत 🙈 आणि मी बोलत नाही असं नाहीये, तुम्ही बोलायला लागलात की बीएडवर जाता.

व्हायोलावाली ताई, खूप थँक्यू. ऑडिशनची तयारी करीन. ब्राम्स चालू केलाय, हायडन डी मेजरचे वरचे पॅसेज अजून घसरतात. फिडल अंकल, शिवण खरंच सुटलीय, खालच्या बाजूला बोटभर, फेव्हिकॉल बाबांनी आणला होता पण मी लावू दिला नाही. सरस लावणारं कोणी सासष्टीत असेल तर प्लीज सांगा.

आणि ताई, अजून एक. आम्ही तिघं आहोत इथे, मी आणि दोन व्हायोलिन, एक म्हापशाचा, एक पणजीची. हायडन ओपस २० नंबर २ काढतोय, सुरुवातीचा मेलडी चेलोला आहे म्हणून मीच हट्ट केला. व्हायोला वाजवणारं कुणी मिळत नाहीये, सध्या म्हापशाचा तो मुलगा दोन्ही पार्ट जमतील तसे मिसळून वाजवतो. तुम्ही ख्रिसमसला गोव्यात असता का?

---

सासष्टीचो_फिडल

सरसचं काम मी करून देतो. तार सैल करून ठेव, पूर्ण काढू नको, आतला खांब पडेल. बापाला घेऊन ये, फेव्हिकॉल घरी ठेवायला सांग.

---

व्हायोलावाली

असते, आई सोडते का नाहीतर. नाताळाच्या आधीच पोचते. तो मुलगा कुठली एडिशन वापरतोय ते विचार, बार नंबर असलेलीच हवी, आणि व्हायोलाच्या पार्टवर त्याने पेन्सिलीने काही खरडलं असेल तर खोडू नको, तसाच फोटो काढून पाठव.